वाचकांचे प्रश्न : केनियातल्या थिऑलॉजिकल कॉलेजला कोल्हापुरातून मदत करायची तर

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या पाळकांच्या शिक्षणाबद्दल एक छोटी बातमी आली होती, की तिकडं मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चेस, भराभर वाढतायत पण शिकलेले पाळक कमी पडतायत. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत, बाकी शब्द तुमचेच.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या मंडळीत केनियाचे एक पाळक यायचे, पुण्याला सेमिनरीत शिकत होते तेव्हा सुट्टीत आमच्याकडंच मुक्काम असायचा, मिसेसच्या हातचा पांढरा रस्सा वाटीवर वाटी प्यायचे. आता ते पश्चिम केनियात एका लहान थिऑलॉजिकल (पाळक घडवणाऱ्या) कॉलेजात शिकवतात. परवा फोनवर बोलता बोलता कळलं की विद्यार्थ्यांची फी थकलीय आणि शिक्षकांचे पगार दोन-तीन महिने झाले नाहीत. आम्ही दहा कुटुंबं मिळून काहीतरी करायचं म्हणतोय. एकाचं म्हणणं हॉल बांधून द्यावा आणि कोल्हापूरच्या मंडळीचं नाव लावावं, दुसरा म्हणतो तिकडचा एक मुलगा पुण्याला आणून शिकवूया, मला वाटतं सरळ पाळकांच्या खात्यावर पैसे टाकावेत, माणूस सोन्यासारखा आहे. काय करावं? – एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : काका, आधी एक करा, हॉल का विद्यार्थी हा वाद बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना सरळ ईमेल करून विचारा की यंदा तुम्हाला कशाची नड आहे. ईमेलची कॉपी तुमच्या पाळकांना टाका म्हणजे त्यांनाही वाईट वाटायला नको. उत्तर बहुतेक असंच येईल की ज्याचा फोटो काढता येत नाही, म्हणजे पगार, लाईट बिल, मेसचा किराणा, लायब्ररीचं इंटरनेट. आणि माझं मत विचाराल तर द्यायचं ते यालाच द्या.

का ते सांगते. असलं कॉलेज तीन ठिकाणच्या पैशावर चालतं, विद्यार्थ्यांची फी, ज्या चर्चचं कॉलेज आहे त्या चर्चचा वाटा, आणि बाहेरून येणारी देणगी. विद्यार्थी म्हणजे नुकती बारावी झालेली पोरं असं नेहमी नसतं, बरेच जण तिशी-पस्तिशीचे, लग्न झालेले, गावाकडं एक-दोन मंडळ्या आधीच सांभाळणारे. त्यांना पाठवणारी मंडळी शेतकऱ्यांची, मका, थोडा चहा, चार जनावरं, म्हणजे फीचा पैसा माल विकल्यावर येणार, आणि कॉलेजला मात्र शिक्षकाचा पगार महिन्याच्या महिन्याला करायचाय. उसाचं बिल जमा होईपर्यंत घरात कशी ओढाताण होते हे कोल्हापूरकराला मी वेगळं सांगायला नको, तिकडं ते अख्ख्या कॉलेजचं होतं. फी थकली की विद्यार्थी अर्ध्यावर गावी जातो, एक टर्म घरी काढतो, कधी परत येतो कधी येत नाही, पगार थकला की चांगला शिक्षक दुसरीकडं नोकरी धरतो, आणि हे सगळं भिंती आणि छप्पर जागच्या जागी असताना होतं.

हॉलला पैसे देणारे मिळतात कारण उद्घाटन होतं, नावाची पाटी लागते. पण हॉल झाला की त्याला रंग आला, पत्र्याची दुरुस्ती आली, झाडलोट करणारा माणूस आला, आणि तो खर्च त्याच थकलेल्या बजेटमधून. कॉलेजनं स्वतः मागितला तर हॉल जरूर द्या, आपल्या मनानं देऊ नका. जगभरातल्या चर्चेसनी हा विचार पूर्वीच केलाय. १९५८ साली आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या सेमिनऱ्यांसाठी थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड सुरू झाला, जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी २० लाख डॉलर दिले आणि मिशन बोर्डांनी तेवढेच घातले, आणि त्या फंडाचा मोठा भर होता लायब्ररीवर, पाठ्यपुस्तकांवर आणि तिकडचेच शिक्षक तयार करण्यावर. आपली ताकद त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण भर कुठं द्यायचा हे त्यांच्याकडून घेता येतं.

पाळकांच्या खात्यावर पैसे टाकण्याबद्दल. माणूस सोन्यासारखा आहे हे मी मान्य करते, आणि म्हणूनच सांगते की त्यांच्या खात्यावर टाकू नका. विचार करा, स्टाफरूममध्ये सगळ्यांचे पगार थकलेत आणि एकट्याच्या खात्यावर इंडियातून पैसे येतात, ते त्यानं कुणाला द्यायचे, कुणाच्या मुलाची फी आधी भरायची, प्रिन्सिपॉलना सांगायचं का नाही, नातेवाईक दारात येऊन उभे राहतात ते वेगळंच. चांगल्या माणसाला आपणच कात्रीत टाकतो. पैसे कॉलेजच्या नावानं, कॉलेजच्या खात्यात, कशासाठी ते लेखी लिहून. तुमच्या मित्राचा उपयोग मोठा आहे, ते तुम्हाला खरी परिस्थिती सांगतील, टर्मला एकदा व्हिडिओ कॉलवर मंडळीशी बोलतील, पण पैशाला त्यांचा हात नको.

मुलाला पुण्याला आणायचं म्हणाल तर बी.डी. सारखी थिऑलॉजीची पहिली डिग्री त्यानं तिकडंच करावी असं मला ठामपणे वाटतं. व्हिसा, इथं पोचल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून रजिस्ट्रेशन, विमानाचं भाडं, होस्टेल, आणि बायको-मुलं तीन-चार वर्षं लांब. तेवढ्या पैशात तिकडं एकाच्या जागी कितीतरी जण शिकतील आणि मंडळीपासून तुटणारही नाहीत. मात्र कॉलेजनं सांगितलं की आमच्या अमुक शिक्षकाला एम.टीएच., म्हणजे थिऑलॉजीच्या मास्टर्स, साठी जुना करार किंवा चर्च इतिहास असा विषय करायचाय आणि परत येऊन इथंच शिकवायचा करार आहे, तर ती गोष्ट वेगळी, त्याला हातभार लावावा.

आणि किती वर्षं देणार ते पहिल्या पत्रातच लिहा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनासाठी, म्हणजे विधवांच्या शाळेसाठी, बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली तेव्हा त्या लोकांनी दहा वर्षं खर्च उचलायचं वचन दिलं होतं, त्या भरवशावर १८८९ मध्ये मुंबईत सदन उघडलं. वचनाला मुदत असली की घेणाऱ्याला पुढचं ठरवता येतं. तुम्ही पाच वर्षं म्हणा, तीन म्हणा, पण म्हटलेलं पाळा, आणि मुदत संपायच्या एक वर्ष आधी कळवा की पुढं जमणारे का नाही. पहिल्या वर्षी उत्साहात दोन लाख आणि तिसऱ्या वर्षी शून्य, याच्यापेक्षा दरवर्षी ठरलेले साठ हजार त्यांना जास्त कामाचे, कारण त्यावर एखाद्या शिक्षकाला थांबवून घेता येतं.

अजून एक गोष्ट मनात ठेवा. १९७१ मध्ये केनियाच्याच प्रेस्बिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी अमेरिकेत मिलवॉकीला उभं राहून सांगितलं की काही काळ मिशनरी आणि पैसा दोन्ही थांबवा, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. १९७४ ला लुसाकाच्या अधिवेशनात आफ्रिकेतल्या चर्चेसनी तो विषय पुन्हा लावून धरला. आपणही मिशनच्या पैशावर वाढलेली मंडळी आहोत, त्यांना काय म्हणायचं होतं ते आपल्याला कळायला पाहिजे. म्हणून कॉलेजला विचारा की तुमचं चर्च स्वतः किती घालतंय, आणि आपला वाटा त्याच्यापेक्षा नेहमी लहान राहील असं बघा. त्यांच्या अभ्यासक्रमात काय असावं, कुणाला घ्यावं, कुणाला काढावं, यात आपण एक शब्द बोलायचा नाही.

प्रश्न : राग मानू नका पण स्पष्ट विचारतो. आमच्या भागात खेड्यातल्या पाळकांना धड पगार नाही, एकेका पाळकाकडं चार चार गावं, स्वतःच्या खिशातनं पेट्रोल घालून फिरतात, आणि आपण निघालो आफ्रिकेला पैसे पाठवायला. आपला आणि आफ्रिकेचा संबंध काय? – तरुण संघातला एक जण, कसबा बावडा

उत्तर : राग कसला भावा, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच पाहिजे होता. पहिलं म्हणजे तू म्हणतोस ते खरं आहे आणि त्याला माझ्याकडं पळवाट नाही. ज्या मंडळीत स्वतःच्या पाळकाचा पगार थकलाय तिनं आधी तो द्यावा, दशमांश आधी इथं. मी जे वर लिहिलं ते इथलं देऊन झाल्यावर वेगळं काढलेल्या पैशाबद्दल आहे. पण एक निरीक्षण सांगते, जी कुटुंबं लांबच्या कामाला नियमानं देतात तीच बहुतेक जवळच्यालाही देतात, मंडळीच्या वहीत बघ, नावं तीच तीच दिसतील.

आता संबंध. हा इतिहास आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि आपल्याच मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लागली तरी लिहिते.

एकोणिसाव्या शतकात हिंदी महासागरात अरबी गलबतांतून आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून नेली जायची, ब्रिटिश आरमार त्यातली काही गलबतं पकडायचं आणि सुटलेली मुलं मुंबईला उतरवायचं. त्यातली बरीच मुलं नाशिकला शरणपूरला सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनच्या आफ्रिकन असायलममध्ये, म्हणजे आश्रमात, वाढली. तिथं त्यांना लिहायला वाचायला शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारले तेव्हा त्यांच्यासोबत या नाशिकच्या मुलांपैकी काही जण होते. जेकब वेनराईट हा त्यातलाच, त्यानं तिथं अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडावर नाव आणि तारीख कोरली, आणि मग सगळ्यांनी मिळून तो देह किनाऱ्यापर्यंत पायी नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफन झालं तेव्हा देह वाहणाऱ्यांत जेकब होता. नाशिकला शिकलेला मुलगा.

पुढचं ऐक. आधी मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करायच्या करारासाठी झांझिबारला गेले, त्यांच्या सांगण्यावरून मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली, तिचं नाव फ्रिअर टाऊन. ती उभी करायला गेले विल्यम सॉल्टर प्राइस, जे आधी नाशिकचं शरणपूर सांभाळत होते, आणि नाशिकला वाढलेली आफ्रिकन कुटुंबं तिथं जाऊन राहिली, शिक्षक झाली, प्रचारक झाली. तिकडं त्यांना बॉम्बे आफ्रिकन्स म्हणायचे. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये डीकन, म्हणजे पाळकपदाची पहिली पायरी, म्हणून दीक्षा मिळाली. त्याच फ्रिअर टाऊनला १९०३ मध्ये पाळक तयार करायची डिव्हिनिटी स्कूल निघाली, १९३० मध्ये ती नैरोबीजवळ लिमुरूला हलली, पुढं अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट एकत्र येऊन ती चालवू लागले, आणि २००७ मध्ये तिचं सेंट पॉल्स युनिव्हर्सिटी झालं. केनियातल्या एवढ्या जुन्या थिऑलॉजिकल कॉलेजच्या मुळाशी नाशिकची माणसं आहेत. संबंध काय म्हणून विचारलंस, हा संबंध.

आणि कोल्हापूरचंच बघायचं तर अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, ज्यांच्या नावाचं चर्च आपल्याकडं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला १०० विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जायची सही केली त्यामागं मुख्य धडपड याची. त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट निघाली आणि हजारो तरुण आशिया-आफ्रिकेत गेले. म्हणजे बाहेर बघायची सवय या गावाला नवी नाही, फक्त तेव्हा पैसा आणि माणसं बाहेरून येत होती, आता थोडं तरी आपल्याकडून जाऊ दे.

बाकी गरज किती म्हणशील तर १९०० च्या सुमारास अख्ख्या आफ्रिकेत ख्रिस्ती लोक साधारण एक कोटी असतील, आज ६० कोटींच्या वर आहेत, कुठल्याही खंडापेक्षा जास्त. एवढ्या मंडळ्यांना शिकवणारे पाळक कुठून आणायचे? शिक्षण न मिळालेला पाळक मनानं वाईट नसतो, पण कुणीतरी स्टेजवरून सांगतं की दान दे म्हणजे आजार जाईल आणि गाडी येईल, तेव्हा लोकांसमोर शास्त्र उघडून नाही म्हणायला अभ्यास लागतो. थिऑलॉजिकल कॉलेज त्यासाठी.

यात एक धोका पण सांगून ठेवते, जो देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिकडची बरीच जुनी कॉलेजं आता युनिव्हर्सिट्या झालीत, युगांडात मुकोनोचं बिशप टकर कॉलेज १९१३ चं, त्याचं १९९७ मध्ये युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी झालं. युनिव्हर्सिटी झाली की बिझनेस, आयटी, कायदा असे कोर्स येतात, त्यांना फी भरणारे विद्यार्थी मिळतात, ते चांगलंच आहे, पण थिऑलॉजीचा विद्यार्थी गरीबच राहतो. म्हणून मोठ्या संस्थेला देताना देणगी थिऑलॉजीच्या विभागासाठी किंवा तिथल्या शिष्यवृत्तीसाठी असं पत्रात स्पष्ट लिहा.

प्रश्न : मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. हंगामाच्या सणाला लिलावात ४० हजार जमले, कमिटीनं ठराव केला की आफ्रिकेतल्या एका कॉलेजला पाठवायचे. ट्रस्टच्या खात्यातून पाठवता येतील का? एफसीआरए लागेल का? एक जण म्हणतो तुमच्या पर्सनल खात्यावर घ्या आणि पाठवून टाका. – खजिनदार, गडहिंग्लज

उत्तर : खजिनदार साहेब, पाठवून टाका म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. मी नोकरीत बरीच वर्षं बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर होते, तिथं बघितलंय, चांगल्या हेतूनं केलेल्या अशा गोष्टींनीच पुढं डोकेदुखी होते.

एफसीआरए हा परदेशी देणगीचा कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या पैशासाठी आहे, आपण बाहेर पाठवतोय त्याला तो लागत नाही. पण तुमच्या मंडळीतल्या कुणाचा ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाला मुलगा म्हणाला की मी पण ट्रस्टच्या खात्यात टाकतो, तुम्ही एकत्र करून पुढं पाठवा, तर ते मात्र एफसीआरएमध्ये येतं, तेव्हा त्याला सांगा तू तिकडूनच थेट कॉलेजला पाठव.

आता ट्रस्ट. तुम्ही-आम्ही ज्या सोयीनं परदेशात पैसे पाठवतो ती लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, एलआरएस म्हणतात, त्यात एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि देणगी त्यात चालते, पण ती फक्त व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टला, फर्मला, कंपनीला नाही. शिवाय ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च केला तर त्या रकमेवरची आयकराची सवलत जाते, त्याला वरून खास मंजुरी लागते, आणि धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या उद्देशांत ते बसतं का हाही प्रश्न आहे. म्हणून माझा सल्ला, लिलावाचे ४० हजार इथल्याच कामाला वापरा, वर बावड्याच्या भावानं लिहिलंय तशा एखाद्या गावच्या पाळकाच्या पेट्रोलला द्या, कमिटीचा ठराव बदलून घ्या आणि तुमच्या सीएला दाखवा. आणि ज्यांना आफ्रिकेला द्यायचंय त्यांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या नावानं द्यावं.

सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यावर गोळा करून पाठवायचे तेही नको. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर रक्कम भेट म्हणून आली तर ती सगळी त्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते, मग कर भरत बसा आणि ते पैसे माझे नव्हते म्हणून सांगत फिरा.

बँकेत काय लागतं ते थोडक्यात. परकीय चलनाचं काम प्रत्येक ब्रँचला होत नाही, बहुतेक सहकारी बँका आणि पतसंस्थांत तर नाहीच, त्यामुळं आधी फोन करून विचारा कुठल्या ब्रँचला जायचं, गडहिंग्लजहून कोल्हापूरला हेलपाटा घालून परत फिरायला नको. पॅन कार्ड, ए-२ फॉर्म, कॉलेजचं लेटरहेडवरचं पत्र, कॉलेजच्या खात्याचं नाव, नंबर, बँकेचं नाव आणि स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारासाठी बँकेचा ओळख क्रमांक. फॉर्मवर पैसे कशासाठी त्याचा कोड घालतात, परदेशातल्या धार्मिक आणि धर्मादाय संस्थेला देणगी यासाठी एस १३०३ आहे. खात्याचं नाव पत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर पैसे आठवडा-दोन आठवडे मधेच अडकतात.

चार्जेस हा मुद्दा मोठा आहे. इथल्या बँकेचं कमिशन, त्यावर जीएसटी, स्विफ्टचा खर्च, आणि मधली परदेशी बँक तिचे डॉलर कापून घेते ते वेगळं. महिन्याला हजार रुपये पाठवायला गेलात तर निम्म्याच्या वर तिथंच जातील. म्हणून घरी महिन्याला बाजूला काढा आणि वर्षातून एकदाच पाठवा, कॉलेजला विचारून, त्यांची टर्म सुरू व्हायच्या आधी. फॉर्मवर चार्जेस कुणी भरायचे ते विचारतात, तिथं सगळे मी भरणार असं निवडा, म्हणजे शक्यतो तिकडं ठरलेली रक्कम पोचते. वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर सध्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आधीच घेतलेला आयकर, कापतात, आपल्यातल्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंध येणार नाही. आणि ८०जी ची आयकरातली सूट परदेशातल्या कॉलेजला दिलेल्या देणगीवर मिळत नाही, हे आधीच धरून चला. पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्टची कॉपी घ्या, कॉलेजकडून पावती मागा, आणि वर्षाच्या शेवटी त्यांचा ऑडिट झालेला हिशेब मागा. हिशेब मागितला म्हणून चांगल्या संस्थेला राग येत नाही, त्यांच्याकडं तो तयारच असतो.

प्रश्न : मी हायस्कूलला ३० वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झाले. आमचे हे पाळक होते, त्यांच्या पुस्तकांची दोन कपाटं घरात भरलेली आहेत, मुलगा म्हणतो आफ्रिकेला पाठवून दे. आणि मला स्वतःला ऑनलाइन काही शिकवता येईल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बाई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. येईल, आणि तुमच्यासारख्यांची फार गरज आहे. केनियातला विद्यार्थी घरी लुओ किंवा किकुयू किंवा लुह्या बोलतो, बाजारात स्वाहिली, आणि थिऑलॉजीची जाड जाड पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत. विषय डोक्यात पक्का असतो पण पेपर लिहिताना वाक्य अडतं, थीसिस तर फारच अवघड. तुम्ही मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी लिहायला शिकवलंत, नेमकं हेच काम आहे. आपण त्यांच्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेचार वाजतात तेव्हा तिकडं दुपारचे दोन. आठवड्यातून दोनदा चार-पाच जणांचा गट घ्या, त्यांनी लिहिलेला एक परिच्छेद आधी मागवून घ्या आणि त्याच्यावरच बोला. तिकडं डेटा महाग पडतो, म्हणून व्हिडिओ बंद ठेवून नुसत्या आवाजावर चालवायची तयारी ठेवा. आणि हे प्राध्यापकांना सांगून, त्यांच्या वेळापत्रकात बसवून करा, परस्पर विद्यार्थ्यांशी नको.

पुस्तकांचं मात्र जरा थांबा. दोन कपाटं पुस्तकं पाठवायचा खर्च पुस्तकांच्या किमतीपेक्षा जास्त होईल, मोंबासाला कस्टममधून सोडवायचा खर्च कॉलेजच्या डोक्यावर, आणि त्यातली निम्मी त्यांच्याकडं आधीच असतील किंवा उपयोगाची नसतील. एका संध्याकाळी नातवंडांना हाताशी घ्या आणि सगळ्या पुस्तकांची यादी करा, नाव, लेखक, साल, आणि ती यादी लायब्ररियनला पाठवा, त्यांनी टिक केलेली तेवढीच द्या. हिब्रू-ग्रीकचे चांगले शब्दकोश, व्याकरणं टिक होतील, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची प्रवचनं नाही व्हायची. मराठी पुस्तकं पुण्यातल्या सेमिनऱ्यांना विचारून त्यांच्या लायब्ररीला द्या, जुनी मराठी ख्रिस्ती पुस्तकं आता कुठं मिळत नाहीत, ती रद्दीत जाऊ देऊ नका ही कळकळीची विनंती.

नवीन पुस्तकं घेऊन द्यायची तर दिल्लीचं आयएसपीसीके, चेन्नईचं सीएलएस या ख्रिस्ती प्रकाशनांची पुस्तकं स्वस्तात मिळतात. पाश्चात्त्य पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या घेताना आतलं पान बघा, बऱ्याच वेळा फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी असं छापलेलं असतं. पण खरं सांगू का, त्यांच्या टेबलावर आधी त्यांच्याच लोकांनी लिहिलेलं पाहिजे. २००६ मध्ये आफ्रिका बायबल कॉमेंटरी निघाली, ७० आफ्रिकन अभ्यासकांनी मिळून संपूर्ण बायबलवर लिहिलेली, तसली पुस्तकं नैरोबीतच विकत घेता येतात, त्यासाठी पैसे दिलेत तर पोस्टाचा खर्च वाचतो आणि तिकडच्या पुस्तकविक्रेत्याचंही चालतं.

तुम्हाला पुढं कधी प्रत्यक्ष जावंसं वाटलं तर यलो फिव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, तिचं कार्ड आता आयुष्यभर चालतं. ते नसलं तर परत येताना मुंबईला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. केनियाला जायला जानेवारी २०२४ पासून आधी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. फिरायला जाऊन कॉलेज बघून येणं त्यावर होतं, तिथं राहून शिकवायचं असेल तर वेगळं परमिट लागतं, ते कॉलेजनं काढून द्यायचं.

प्रश्न : ताई, मला फेसबुकवरून एका आफ्रिकन मुलाची ओळख झाली, तो म्हणतो मी बायबल कॉलेजला आहे, फी भरली नाही तर शुक्रवारी परीक्षेला बसू देणार नाहीत, पैसे त्याच्या फोन नंबरवर मागतोय. खरा असेल तर वाईट वाटतं. काय करू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बाळा, पैसे पाठवू नकोस. शुक्रवारची घाई आणि स्वतःचा फोन नंबर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबायचं. तिकडं एम-पेसा आहे, २००७ पासून लोक फोनवरून पैसे देतात घेतात, त्यामुळं फोन नंबर मागणं यात विचित्र काही नाही, पण कॉलेजची फी कॉलेजच्या खात्यात किंवा कॉलेजच्या पेबिल नंबरवर (एम-पेसावरचा संस्थेचा नंबर) जाते, विद्यार्थ्याच्या नंबरवर नाही. त्याला एवढंच लिही की कॉलेजचं पूर्ण नाव, कुठल्या चर्चचं आहे ते, आणि प्रिन्सिपॉलचा ईमेल दे, मी त्यांना विचारते. मग त्यानं दिलेल्या पत्त्यावर विसंबू नकोस, कॉलेजच्या वेबसाइटवर किंवा त्या चर्चच्या मुख्य ऑफिसकडून ईमेल स्वतः शोध आणि तिथं लिही. मुलगा खरा असला तर प्रिन्सिपॉल एक-दोन दिवसांत उत्तर देतील, कॉलेजवाले विद्यार्थ्यांच्या फीसाठी असल्या पत्राची वाटच बघत असतात. तसं उत्तर आलं तर मला कळव, ताराबाई पार्कच्या काकांच्या दहा कुटुंबांशी तुझी गाठ घालून देते.